उम्ब्रियातली डोंगरमाथ्यावरची गावं: गाडी खाली ठेवा, निवांत वर चढा

इटलीत गाडी घेऊन फिरायचं म्हटलं की सगळे टस्कनीला जातात. आम्ही तिच्या शेजारच्या उम्ब्रियात गेलो. या प्रांताला समुद्र नाही, पिसाच्या मनोऱ्यासारखं हमखास फोटोचं ठिकाण नाही, त्यामुळे गर्दी बरीच कमी. डोंगरमाथ्यावरची जुनी गावं मात्र जागोजागी. आम्ही दोघं साठीच्या आसपासचे. नवरा गाडी चालवतो, मी नकाशा बघते आणि कॉफीला कुठे थांबायचं ते ठरवते. सहल सप्टेंबरअखेरची. जुलै-ऑगस्टच्या उन्हात या चढांच्या वाटेला जाऊ नये.

आपल्याकडे गड म्हटला की वर पडके वाडे, टाकी आणि शांतता. पन्हाळ्यासारखं नांदतं गाव विरळाच. इथे मात्र तटबंदीच्या आत आजही शाळा, औषधाचं दुकान, भाजीवाला, सगळं चालू आहे. म्हणूनच एका दिवसात चार गावं 'उरकली' तर हाती फक्त चर्चचे फोटो लागतात. दिवसाला एक गाव, फार तर दोन, आणि मुक्काम शक्यतो एकाच जागी. आम्ही स्पेल्लोजवळ ऑलिव्हच्या बागेतल्या एका शेतघरात राहिलो. अशा शेतावरच्या मुक्कामाला तिथे 'आग्रितुरिझ्मो' म्हणतात. तिथून असिसी हाकेच्या अंतरावर, पेरूजाही जवळ.

आधी गाडीचं. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्या आरटीओतून काढावा, मुदत एक वर्षाची असते. गाडी ज्याच्या नावावर भाड्याने घेणार, त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड हवं. डेबिट कार्डावर बऱ्याच ठिकाणी अडवतात. ऑटोमॅटिक गाड्या कमी आणि महाग, त्यामुळे बुकिंग लवकर करावं. गाडी लहानच घ्या. गल्ल्या बघितल्यावर कारण कळेल. रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरूनच गाडी घेतली की शहरात शिरावं लागत नाही. पण रात्रभराच्या विमानप्रवासानंतर लगेच इथल्या उजव्या बाजूच्या वाहतुकीत गाडी घालू नका. पहिली रात्र विमानतळाजवळ झोपा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे झेडटीएल, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. जुन्या गावांच्या गाभ्यात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि वेशीवर कॅमेरे असतात. पाटीवर 'वार्को आत्तिवो' दिसलं तर रस्ता खुला असेल असं वाटतं, पण अर्थ उलटा: कॅमेरा चालू आहे, आत जाऊ नका. दंडाचा कागद काही महिन्यांनी घरी येतो, आणि गाडी कंपनी तुमचा पत्ता कळवण्याचे पैसे वेगळे लावते. हॉटेल बंदीच्या हद्दीत असेल तर गाडीचा नंबर त्यांना आधी कळवा, ते नोंद करून देतात. पार्किंगमध्ये निळ्या रेघा म्हणजे पैसे भरा, पांढऱ्या म्हणजे बहुधा फुकट, पिवळ्या राखीव.

गाडी खाली ठेवायची म्हणजे गुडघ्यांचं काय, हा आमचा पहिला प्रश्न होता. उम्ब्रियाने तो फार छान सोडवलाय. बहुतेक मोठ्या गावांत पायथ्याच्या वाहनतळापासून वर सरकते जिने किंवा लिफ्ट आहेत. पेरूजाचे सरकते जिने तर थेट रोक्का पाओलिना किल्ल्याच्या पोटातून जातात. १५४० मध्ये मिठावरच्या करावरून शहराने पोपविरुद्ध बंड केलं. ते मोडल्यावर पोप तिसऱ्या पॉलने विरोधी घराण्याचा मोहल्लाच गाडून त्यावर हा किल्ला उभारला. वरचा किल्ला लोकांनी एकोणिसाव्या शतकात पाडला, पण खालच्या विटांच्या गल्ल्या आणि घरांच्या भिंती शाबूत आहेत. सरकत्या जिन्यावरून उतरून त्यांत जरूर भटका. या भागात पावात मीठ नसतं, त्याचा संबंधही लोक याच कराशी जोडतात. खरं असो वा नसो, पाव मात्र अळणी आहे.

रोमहून येताना पहिला थांबा ओर्व्हिएतो. उभ्या कातळावर बसलेलं हे गाव महामार्गावरूनच दिसतं. रेल्वे स्टेशनजवळ गाडी ठेवून फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या छोट्या रेल्वेने, वर गेलो. १२९० मध्ये सुरू झालेल्या कॅथेड्रलचे काळे-पांढरे पट्टे आणि आतली चित्रकार सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं बघायला लोक येतात, ते योग्यच आहे. पण आम्ही जास्त रमलो ते सान पात्रित्झियोच्या विहिरीत. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं, तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला. वेढा पडला तर पाणी हवं म्हणून त्याने ही विहीर खोदवली. खोली त्रेपन्न मीटर, आणि भिंतीतून दोन वेगळे गोल जिने, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे. पाणी आणणारी खेचरं एकाने उतरायची, दुसऱ्याने चढायची, समोरासमोर कधी यायचीच नाहीत. खाली गारवा असतो. वर येताना खिडक्यांपाशी थांबत या, घाई कसली?

तिथून चिविता दी बान्योरेज्यो जवळ आहे. पायाखालची माती ढासळत चाललेलं, पुलावरून चालत गाठायचं चिमुकलं गाव. तिकीट आहे, पूल शेवटी चढा आहे, आणि दुपारी बसगाड्यांची गर्दी. सकाळी लवकर जा, नाहीतर समोरच्या कड्यावरून बघून पुढे निघा. मला विचाराल तर दुसरा पर्याय पुरेसा आहे.

असिसीला अख्खा दिवस द्या. संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकात (एकावर एक अशी दोन चर्च) प्रवेश फुकट, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, फोटो काढायचे नाहीत. सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात वरच्या चर्चचं छत कोसळून चौघांचा जीव गेला. छतावरच्या चित्रांचे हजारो तुकडे वेचून पुन्हा जुळवले, तरी काही जागा कोऱ्याच राहिल्या आहेत. मान वर करून त्या शोधा. संध्याकाळी सहलीच्या बस गेल्या की गुलाबी दगडाच्या गल्ल्या मोकळ्या होतात.

मराठी माणसाने वाट वाकडी करून जावं असं गाव म्हणजे मोंतोने. ई-४५ रस्त्याने उत्तरेला, उंबेर्तीदेजवळ. (हा रस्ता टोलमुक्त आहे, पण खड्ड्यांसाठी बदनाम. आपल्याला सवय आहे म्हणा.) या वरच्या तिबेर खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे लढले. आपल्या तुकडीतले बाकीचे सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडल्यावर ते एकटे त्या ठाण्यावर चालून गेले, ठाणं घेतलं, आणि लगेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळीला बळी पडले. वय अवघं बावीस, गाव रायगडातल्या माणगाव तालुक्यातलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोनेच्या लोकांनी २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. 'सारे एकाच सूर्याखाली' अशा अर्थाचं लॅटिन वचन त्यावर आहे. मुंबई-गोवा रस्त्यावर माणगाव कितीदा ओलांडलं, पण हे नाव आम्हाला नीट कळलं ते इथे.

मोंतोनेहून गुब्ब्यो. तिथला रोपवे म्हणजे उभ्याने चढायची लोखंडी पिंजऱ्याची टोपली, आणि ती थांबत नाही. चालती असतानाच कर्मचारी तुम्हाला आत ढकलतो. नवरा डोळे मिटून वर गेला, मी दोनदा गेले.

शाकाहाऱ्यांची सोय होते, पण विचारत राहा. काळ्या ट्रफलचा (जमिनीखाली उगवणारी अळंबी) स्त्रांगोत्सी पास्ता इथली खासियत, त्याच्या सॉसमध्ये कधीकधी अँकोव्ही मासे असतात. मसुराच्या सूपमध्येही डुकराचं मांस असू शकतं. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे', म्हणजे मांसाशिवाय, माशाशिवाय, एवढं पाठ करा. टोर्टा अल टेस्टो, म्हणजे तव्यावर भाजलेली गव्हाची जाड पोळी, आत पालेभाजी आणि चीज घालून मागितली की दुपार निघते. जेवायला दुपारी अडीचच्या आत पोहोचा. नंतर स्वयंपाकघरं बंद, ती संध्याकाळी साडेसातलाच उघडतात. बिलात 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, म्हणून माणशी एक-दोन युरो लागतात. ती फसवणूक नाही.

परतताना टाकी भरा. 'बेन्झिना' पेट्रोल, 'गासोलियो' डिझेल. 'सेर्व्हितो' पंपावर माणूस भरून देतो आणि दर चढा असतो, म्हणून 'सेल्फ' बघा. गाडी फ्युमिचिनोलाच देऊन टाका आणि रोमला ट्रेनने जा.