साताऱ्याचा नाताळ आणि पूर्वेकडचे पाहुणे

नाताळच्या आठवड्यात पुण्यामार्गे साताऱ्याला एसटीने जाऊ नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. महाबळेश्वर-पाचगणीला निघालेल्या गाड्यांची रांग खंबाटकी घाटाच्या पायथ्यापासूनच लागली होती, आणि सुरूर फाट्यावर त्या गाड्या वाईकडे वळेपर्यंत आमची बस जागची हलायला तयार नव्हती. नगरहून पहाटे निघूनही पोवई नाक्याशी उतरलो तेव्हा दुपार टळून गेली होती. मावशीच्या हातच्या करंज्या आणि दुसऱ्या दिवशी अजिंक्यताऱ्यावर घालवलेली सकाळ यांविषयी सवडीने लिहीन. आज लिहायचे आहे ते त्याच संध्याकाळी चर्चच्या दाराशी जे पाहिले त्याविषयी.

संडे स्कूलच्या मुलांनी ख्रिस्तजन्माचा देखावा बसवला होता. तीन मुलगे मागी, म्हणजे तारा पाहून बाळ येशूच्या दर्शनाला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, झाले होते. पहिल्याने वडिलांचा झब्बा बाह्या दुमडून घातला होता आणि त्याच्या डोक्यावरचा सोनेरी कागदाचा मुकुट कपाळावर घसरत होता. दुसऱ्याच्या हातातील पितळी ऊददाणीत खरोखरीचा ऊद पेटवला असल्यामुळे तो धुराने सारखे डोळे चोळत होता. तिसऱ्याकडे गंधरस म्हणून अत्तराची निळी कुपी होती. आपला प्रवेश येईपर्यंत हे तिघे दाराजवळच उभे होते, आणि मीही उशिरा पोहोचल्यामुळे त्यांच्या मागेच थांबलो होतो.

तेवढ्यात एक जोडपे पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन पायऱ्या चढून आले. छातीवर बिल्ला लावलेल्या एका कार्यकर्त्याने त्यांना विचारले, “आपण कोणत्या मंडळीचे?” म्हणजे कोणत्या चर्चचे सभासद. तो गृहस्थ संकोचून म्हणाला, “आम्ही मंडळीतले नाही. रस्त्यावरून तुमचा तारा दिसला, तसं पोरगं हटूनच बसलं.” कार्यकर्त्याने आवाज न चढवता, पण ठामपणे सांगितले की आतील जागा सभासदांच्या कुटुंबांसाठी आहे, कार्यक्रम संपल्यावर या. ते तिघे पायरीवरच थांबले. मला इतका संताप आला की काही क्षण तोंडून शब्द फुटेना. मी बोलण्याआधीच शेवटच्या बाकावरची एक वृद्ध बाई उठली, मुलाचा हात धरून म्हणाली, “ये बाळा, हितं बस. मागं तुझ्या आईला बी जागा हाय,” आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली.

त्यानंतर देखाव्यात काय झाले ते मला फारसे आठवत नाही, कारण बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूचरित्राचा, दुसरा अध्याय माझ्या मनात वेगळ्याच तऱ्हेने उलगडू लागला होता. मत्तय या पाहुण्यांना राजे म्हणत नाही. ते तीन होते असेही सांगत नाही. बाळाला वाहिलेल्या देणग्या तीन (सोने, ऊद आणि गंधरस), म्हणून माणसे तीन मानली गेली, आणि कास्पर, मेल्कियोर, बाल्थाझार ही नावे पुढे परंपरेने दिली. मत्तय सांगतो ते एवढेच की हे पूर्वेकडचे परके लोक तारा पाहून निघाले आणि यरुशलेमात येऊन त्यांनी विचारपूस केली. हेरोद राजाने मुख्य याजकांना व शास्त्र्यांना बोलावले, तेव्हा त्यांनी मीखा संदेष्ट्याच्या ग्रंथाचा आधार देऊन बेथलेहेम हे गाव अचूक सांगितले. यरुशलेमहून बेथलेहेम सुमारे नऊ-दहा किलोमीटर, म्हणजे साताऱ्याहून संगम माहुलीला चालत जाऊन परत यावे, जवळपास तेवढेच. परंतु ज्यांना वचन तोंडपाठ होते त्यांच्यापैकी एकही जण त्या परक्यांबरोबर निघाल्याचे मत्तयाने लिहिलेले नाही. त्या संध्याकाळी हेच मला सर्वांत जास्त बोचले. आम्ही पिढ्यान्पिढ्यांचे ख्रिस्ती. बेथलेहेम कोठे आहे हे आमच्या लहान मुलांनाही ठाऊक आहे, आणि तरीही आमचाच तारा पाहून आलेल्या माणसाला आम्ही पायरीवर थांबवतो.

दुसरी गोष्ट मला याहूनही मोठी वाटते. मागी लोकांना देवाने यहुदी शास्त्र आधी शिका आणि मग या, असे म्हटले नाही. आकाश वाचणे ही त्यांची विद्या होती, म्हणून त्यांना आकाशातूनच बोलावणे आले. शास्त्राचे वचन त्यांना नंतर, वाटेत मिळाले. साताऱ्यात बसून हे आठवावे आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवू नयेत, हे शक्य नाही. त्यांची समाधी आमच्या नगरला आहे, परंतु आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, 1917 मध्ये, त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला तो साताऱ्यात. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीतील एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, आणि 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून संतांचे अभंग त्यांच्या अंगी मुरलेले होते, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते सांगत असत. ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबरच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा असावी, असा त्यांचा आग्रह होता. ज्या गावात हा प्रयोग झाला, त्याच गावात शंभराहून अधिक वर्षांनी सभासदत्व विचारून बाक दिला जावा, याचे मला फार वाईट वाटते.

देखावा संपल्यावर ऊददाणीवाला मुलगा त्या छोट्या पाहुण्याला गव्हाणीजवळ घेऊन गेला आणि त्याने ऊददाणी त्याच्या हातात धरायला दिली. त्याच्या आईने मला विचारले, “रोज असतं का हो हे?” मी तिला 6 जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणाविषयी सांगितले आणि मागी लोकांचा वृत्तांत त्या दिवशी पुन्हा वाचला जातो, असेही सांगितले.

निघण्यापूर्वी मी पाळकसाहेबांना भेटून घडलेला प्रकार त्यांच्या कानावर घातला. पुढच्या नाताळला पुढचे दोन बाक मंडळीबाहेरच्या लोकांसाठी मोकळे ठेवावेत आणि दाराशी उभ्या राहणाऱ्याने ‘आपण कोणत्या मंडळीचे’ हा प्रश्न मुळीच विचारू नये, अशी विनंती मी केली. त्यांनी ती मंडळीच्या पंचांपुढे ठेवण्याचे कबूल केले आहे. नगरला आमच्याही चर्चमध्ये पुढचे बाक वर्षानुवर्षे ठराविक घराण्यांचेच मानले जातात. येत्या बैठकीत मी तो विषय काढणार आहे.