रियुनियनचा प्लूम : ४१० आणि ६६० मधलं अंतर, इंदूर गटाची नोंद

माळव्याचा काळा पाषाण दख्खन ट्रॅपचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. हा लाव्हा पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या ज्या उष्ण झोतातून (प्लूम) आला असं मानतात, तो आज रियुनियन बेटाखाली आहे. म्हणून खालचा खडक गरम आहे का हे भूकंपलाटांवरून पाहायला इंदूरच्या गटाने तेच बेट घेतलं. घरचा ४.५ हर्ट्झचा जिओफोन (जमिनीची कंपनं टिपणारं साधं यंत्र) इथे कामाचा नाही, दहा सेकंद आवर्तकाळाच्या लाटा त्यात नीट उतरत नाहीत. जिओस्कोप या भूकंपमापन जाळ्याच्या रियुनियनवरच्या आरईआर स्टेशनचा ब्रॉडबँड (जलद ते संथ सगळ्या लाटांचा) डेटा खुला आहे. ताडून पाहायला हैदराबादचं एचवायबी स्टेशन.

दूरच्या भूकंपाची पी (दाबाची) लाट ४१० आणि ६६० किमी खोलीवरच्या खडकाच्या सीमा ओलांडताना तिचा थोडा भाग एस (आडव्या कंपनाची, संथ लाट) होतो आणि पीमागून साधारण ४४ आणि ६८ सेकंदांनी पोचतो. खडक गरम असेल तर ४१० खाली सरकते, ६६० वर येते, म्हणजे २४ सेकंदांचं अंतर घटतं. एक सेकंद घटला म्हणजे दोन सीमांमधला थर जवळपास १० किमी पातळ. सुटे आकडे मात्र वापरू नका! वरचा मंद खडक दोन्ही लाटांना जवळपास सारखाच उशीर करतो. वजाबाकीत तो बहुतेक निघून जातो.

भूकंप स्टेशनपासून ३० ते ९० अंशांवरचे, तीव्रता ६ च्या वर. पीच्या आधी ६० सेकंद, नंतर १५०, एवढा तुकडा घ्या. ऑब्स्पायमध्ये (भूकंपनोंदींसाठीची पायथन लायब्ररी) ट्रेंड काढा, टोकं टेपर करा (हळूहळू शून्यावर आणा), इन्स्ट्रुमेंट रिस्पॉन्स (यंत्राचा स्वतःचा परिणाम) काढा, आडवे घटक रेडियल-ट्रान्सव्हर्स (लाटेच्या दिशेत आणि तिला काटकोनात) फिरवा, मग डिकॉन्व्होल्यूशन, म्हणजे रेडियल नोंदीतून मूळ पी लाटेचा आकार भागून काढणं; उरतो तो वक्र. वॉटर लेव्हल (भागाकारात छेद शून्याजवळ जाऊ नये म्हणून ठेवलेली किमान पातळी) ०.०१ पासून सुरू करा. फार कमी ठेवली की वक्र घंटेसारखा वाजत राहतो. कोड आधी एचवायबीवर तपासा: मोहोचा (कवचाच्या तळाच्या सीमेचा) शिखरबिंदू ४ सेकंदांच्या आसपास दिसलाच पाहिजे. तो उलटा आला, तर बॅक-अझिमथचं (स्टेशनवरून भूकंपाच्या दिशेचा कोन) चिन्ह बघा.

स्टॅकिंगआधी (सगळ्या वक्रांची सरासरी काढण्याआधी) प्रत्येक वक्र ६.४ सेकंद प्रति अंश या स्लोनेसला (एका अंशामागे लाटेला लागणारा वेळ) आणा. हे टाळलं की ६६० पसरट होतं. खऱ्या रूपांतरित लाटा जवळच्या भूकंपांत उशिरा येतात, कवचातल्या पुनरावर्तित (पुन्हा पुन्हा परावर्तित झालेल्या) लाटा लवकर. या दुरुस्तीने पहिल्या टोकदार होतात, दुसऱ्या विस्कटतात. भेसळ ओळखायला याहून चांगली कसोटी नाही.

बेटावरची खरी अडचण समुद्र. ५ ते १० सेकंदांचा मायक्रोसिझम (समुद्राच्या लाटांनी होणारं जमिनीचं सततचं कंपन) गाळायला १० सेकंदांहून कमी आवर्तकाळाचं सगळं कापावं लागतं, आणि मग शिखरं इतकी रुंद होतात की एका सेकंदाचा फरक डोळ्यांनी ठरवता येत नाही. आता बूटस्ट्रॅप चालू आहे: भूकंप पुन्हा पुन्हा निवडून अंतराचा पसारा काढायचा. तो एका सेकंदाहून मोठा आला तर किमीचा आकडा मांडायचा नाही, आणखी भूकंप मिळवायचे.