तेरचे वस्तुसंग्रहालय आणि पायाखालचे तगर

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव बहुतेक मराठी माणसांना संत गोरा कुंभारांमुळे माहीत असते. तेरणा नदीकाठच्या मंदिरात गोरोबाकाकांच्या दर्शनाला वारकरी येतात, चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांच्या पुण्यतिथीची यात्रा भरते, आणि आलेल्यांपैकी पुष्कळजण दर्शन घेऊन परस्पर परतीच्या वाटेला लागतात. त्याच गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे, आणि सातवाहनकालीन महाराष्ट्र समजून घ्यायचा असेल तर ते टाळून पुढे जाता येत नाही, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. वस्तू जिथे सापडल्या तिथेच त्या राहिल्या, हे मला या संग्रहालयाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते, आणि ते का, हे या लेखात जरा सविस्तर मांडायचे आहे.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात दक्षिणापथातील दोन बाजारपेठांची विशेष नोंद आहे. त्यांतली एक पैठण, भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर, आणि दुसरी तगर, पैठणपासून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर. तगरहून साधे कापड आणि तलम मलमल रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला नेली जात असे, असे हा लेखक सांगतो. टॉलेमीच्या भूगोलातही तगराचा उल्लेख आहे. पुढे कित्येक शतकांनी कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांतून स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत राहिले, यावरून या नगरीच्या नावाला केवढा मान होता ते कळते. तरीही हे तगर नेमके कुठे, याबद्दल एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांत एकमत नव्हते. देवगिरी, जुन्नर, धारूर अशी निरनिराळी स्थळे पुढे केली गेली, आणि १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे मत मांडल्यावर तो वाद बहुतांशी मिटला.

गावाभोवती पांढरीची टेकाडे आहेत. ज्या मातीत शतकानुशतके घरे उभी राहिली, पडली आणि पुन्हा उभी राहिली, ती माती राखेने, शेणाने आणि चुन्याने पांढरट होते, म्हणून जुन्या वस्तीच्या जागेला आपल्याकडे पांढरी म्हणतात. पावसाळ्यात अशा टेकाडाची वरची माती वाहून गेली की मणी, शिशाची नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि खापरे उघडी पडतात. तेरचेच रहिवासी असलेल्या लामतुरे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या वस्तू जमवायला सुरुवात केली, तेव्हा त्या टाकाऊ मानल्या जात होत्या. त्यांच्या संग्रहातील वस्तूंची संख्या पुढे वीस हजारांच्या वर गेली. पुरातत्त्वाचे औपचारिक शिक्षण नसलेल्या एका माणसाने, आपल्या गावाच्या मातीत काहीतरी मोलाचे आहे एवढ्या विश्वासावर हे केले, याचा मला मनापासून आदर वाटतो. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० साली तेरवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली आणि या गावाकडे जगभरच्या कलाभ्यासकांचे लक्ष वेधले.

या संग्रहात मला सर्वांत जास्त वेळ खिळवून ठेवतात त्या केओलिन म्हणजे पांढऱ्या चिकणमातीच्या लहान मूर्ती. त्या पोकळ आहेत. पुढच्या आणि पाठच्या बाजूचे दोन वेगळे साचे करायचे, प्रत्येकात मातीचा पातळ थर दाबून बसवायचा, दोन्ही अर्धी एकमेकांना जोडायची, सांधा घासून गुळगुळीत करायचा आणि मग मूर्ती भाजायची, अशी ही पद्धत होती. मूर्ती निरखून पाहिली तर कानाच्या मागून खांद्याकडे उतरणारी सांध्याची पुसटशी रेघ कधीकधी दिसते. कारागिराची खरी करामत मात्र केशरचनेत आहे. भांगावर बसवलेले गोल पदक, त्याच्या दोन्ही बाजूंना फुलांच्या किंवा मण्यांच्या माळा, कानांत जड कुंडले, आणि हे सगळे बोटभर उंचीच्या चेहऱ्यावर इतके स्पष्ट उमटलेले की साचा कोरणाऱ्याने दागिना प्रत्यक्ष समोर ठेवूनच काम केले असावे असे वाटते. दुहेरी साच्याचे हे तंत्र रोमन जगाशी आलेल्या संपर्कातून दख्खनमध्ये रुजले, असे अनेक अभ्यासक मानतात. रोमन नाण्यांच्या छापावरून घडवलेली मातीची पदकेही तेरला मिळाली आहेत, त्यामुळे या मताला आधार आहे. पण तंत्र बाहेरून आले असले तरी चेहरे, दागिने आणि केस बांधण्याची तऱ्हा इथलीच आहे.

ज्या कापडामुळे तगर परदेशापर्यंत पोहोचले, त्याचा धागाही उरलेला नाही, कारण आपल्या हवामानात सुती कापड दोन हजार वर्षे टिकत नाही. म्हणून ते कापड नेसणारी माणसे कशी दिसत असतील, हे आता याच मूर्तींना विचारावे लागते.

हस्तिदंती स्त्रीमूर्तीबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे. इटलीतील पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडले गेले, आणि १९३८ साली तिथल्या एका घरात साधारण पाव मीटर उंचीची भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. कुठलातरी आरसा किंवा आसन यांचा ती भाग असावी, कारण तिच्या डोक्यात वरून भोक पाडलेले आहे. ही मूर्ती भारतात कुठे घडली, या प्रश्नाची चर्चा बराच काळ मथुरा आणि सांची यांच्याभोवती फिरत राहिली. तेरला मिळालेली दागिन्यांनी मढलेली हस्तिदंती स्त्री मात्र त्या मूर्तीची अगदी जवळची नातेवाईक आहे. पुढे जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननातही त्याच घडणीची आणखी एक हस्तिदंती मूर्ती मिळाली. पाँपेईची मूर्ती तेरलाच घडली असे यावरून कोणी ठामपणे म्हणू नये, कारण तिच्यावर खरोष्ठी लिपीतले चिन्हही आहे आणि ती लिपी वायव्येकडची. पण अशा मूर्ती घडवणारे किंवा निदान वापरणारे लोक मराठवाड्यातील या व्यापारी गावांत होते, एवढे निश्चित. पैठणला जाणाऱ्या वाटेवरच्या एका गावातली चीज व्हेसुव्हियसच्या राखेखालच्या चिजेशी मिळतीजुळती असावी, हा विचार कितीही वेळा केला तरी माझे त्याबद्दलचे आश्चर्य ओसरत नाही.

धार्मिक कलेच्या दृष्टीने संग्रहालय आणि गावातली मंदिरे वेगवेगळी पाहू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तेरचे त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे, आणि त्याचा पाठचा भाग हत्तीच्या पाठीसारखा गोलाकार, म्हणजे गजपृष्ठाकार आहे. कार्ले-भाजे येथील चैत्यगृहे, म्हणजे बौद्धांची प्रार्थनागृहे, डोंगरात कोरलेली असल्यामुळे टिकली, पण तशाच आकाराचे विटांनी बांधलेले चैत्यगृह उभे राहिलेले फार क्वचित आढळते. आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वर हे असे दुसरे प्रसिद्ध उदाहरण. मूळ वास्तू बौद्ध चैत्यगृहाची असावी आणि पुढे तिथे विष्णूची स्थापना झाली, हे हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच मांडले होते. आत तीन पावलांत विश्व व्यापणारा त्रिविक्रम उभा आहे आणि त्याची आजही पूजा होते. याच गावातील उत्खननात सातवाहनकालीन विटांचा स्तूपही उघड झाला आहे. एकाच गावात बौद्ध, जैन, शैव, वैष्णव आणि त्यानंतर वारकरी अशा सर्व परंपरांच्या खुणा चालत पाहता येतील इतक्या अंतरावर आहेत.

उत्तरेश्वर मंदिराची गोष्ट वेगळी आहे. साच्यातून काढलेल्या नक्षीदार विटांचे हे शिवमंदिर, आणि त्याची कोरीव लाकडी द्वारचौकट आता संग्रहालयात आहे. आपण मंदिरांच्या दगडी द्वारशाखा सर्वत्र पाहतो. त्यांवरची वेलबुट्टी, एकात एक बसवलेल्या पट्ट्या आणि चौकटीचे टप्पे हे मुळात सुताराच्या कामातून दगडात उतरलेले आहेत, असे पुस्तकांत वाचायला मिळते. पण ते सुतारकाम वाळवीने आणि पावसाने केव्हाच नाहीसे केले. त्यामुळे शतकानुशतके टिकून राहिलेली लाकडी चौकट समोर असणे ही अत्यंत दुर्मिळ संधी आहे, आणि ती जागच्या जागी राहिली असती तर आपल्याला बहुधा पाहायला मिळाली नसती. देवाची वस्तू देवळातच राहावी असे म्हणणाऱ्यांची भावना मी समजू शकतो. पूजेतल्या मूर्तीला तिच्या गाभाऱ्यातून हलवू नये, असे मलाही वाटते. लाकडी चौकटीच्या बाबतीत मात्र छप्पर आणि निगा यांचीच गरज अधिक होती.

संग्रहात लज्जागौरीच्या छोट्या प्रतिमाही आहेत. मस्तकाच्या जागी कमळ किंवा नुसती सपाट जागा, आणि प्रसूतीच्या आसनात बसलेली ही देवी कोणत्याही मोठ्या मंदिराची नव्हती. ती घरातली, अपत्याची इच्छा धरणाऱ्या बायकांची देवी असावी, असे मानले जाते. राजांच्या ताम्रपटांत आणि शिलालेखांत या बायकांना जागा मिळालेली नाही. त्यांची श्रद्धा आपल्यापर्यंत पोहोचली ती पांढरीतून निघालेल्या या मुठीएवढ्या प्रतिमांमुळे.

या सगळ्या कौतुकाबरोबर एक मर्यादाही सांगितली पाहिजे. जमिनीच्या पृष्ठभागावरून उचललेल्या वस्तूला थर नसतो. उत्खननात एखादा मणी सापडतो तेव्हा तो कोणत्या थरात, कोणत्या खापरांबरोबर आणि कोणत्या नाण्याच्या खाली होता याची नोंद होते, आणि त्यावरून त्याचा काळ ठरतो. टेकाडावरून वेचलेला मणी कितीही सुंदर असला तरी ही साक्ष देऊ शकत नाही. तेरच्या बाबतीत ही उणीव काही अंशी भरून निघाली, कारण १९५८ साली चापेकर यांनी आणि त्यानंतर शां. भा. देव यांनी येथे शास्त्रीय उत्खनन केले. त्यात क्रमवार मिळालेल्या वस्तूंशी ताडून लामतुरे संग्रहातील वस्तूंचा काळ बऱ्यापैकी ठरवता येतो. म्हणून अशा कोणत्याही संग्रहालयातील पाटीवर वस्तूचे नाव आणि शतक यांच्याबरोबरच ती उत्खननातली की वेचलेली, हेही लिहिलेले असावे, असा माझा आग्रह आहे. पाहणाऱ्याला त्यावरून कळते की समोरचे विधान किती भक्कम पायावर उभे आहे.

आज कोणाला लामतुरे यांच्यासारखा संग्रह करावासा वाटला, तर परिस्थिती बदललेली आहे हे लक्षात घ्यावे लागेल. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्याने ठरावीक प्रकारच्या प्राचीन वस्तूंची नोंदणी बंधनकारक केली असून खासगी व्यक्तींना त्या देशाबाहेर नेण्यास बंदी घातली आहे. त्यामुळे तेर असो, भोकरदन असो किंवा पांढरी असलेले आणखी कोणतेही गाव असो, शेत नांगरताना एखादी मूर्ती किंवा नाण्यांनी भरलेले गाडगे निघाले, तर ते धुऊनपुसून चकचकीत करू नये आणि आजूबाजूला आणखी खणूही नये. जागा, साधारण खोली आणि बरोबर मिळालेली खापरे यांची नोंद करावी, शक्य असल्यास वस्तू जागेवर असतानाच छायाचित्र काढावे, आणि तलाठी किंवा तहसील कार्यालयाला कळवावे. नाण्याला चिकटलेली माती आणि शेजारचे फुटके खापर हेदेखील अभ्यासकाच्या दृष्टीने नाण्याइतकेच महत्त्वाचे असते.