तुम्ही विचारलंत म्हणून: ते ओसरीचं घर का सोडलं?

आमच्याकडे पहिल्यांदा येणारं माणूस आधी घराकडे बघतं, मग आमच्याकडे, आणि जरा घुटमळून विचारतं, "निवृत्तीनंतर गावाकडे राहायचं म्हणून एवढ्या जागा पालथ्या घातल्यात, मग हीच का घेतलीत?" विचारणाऱ्याचा दोष नाही. घर बुटकं आहे, चौकोनी आहे, फोटोत मुळीच बरं येत नाही. आणि ज्यांनी आमच्यासोबत ते आधीचं, ओसरीचं घर बघितलं होतं, ते तर उघड उघड हळहळतात.

ते घर देखणं होतं, यात वाद नाही. टेकाडाच्या खांद्यावर, तिन्ही बाजूंनी ओसरी, समोर दरी. ह्यांनी ओसरीच्या खांबावर हात ठेवला आणि मी ओळखलं, स्वारी विरघळली. आता मालकाशी बोलणी सुरू होणार, तेवढ्यात मी म्हटलं, "गाडीत पाण्याचा 20 लिटरचा कॅन आहे, तो तेवढा स्वयंपाकघरापर्यंत आणून दाखवा." हसत गेले. फाटक खाली, घर वर, मध्ये 41 दगडी पायऱ्या, त्यातल्या कुठल्याच दोन सारख्या उंचीच्या नाहीत. 20 लिटर म्हणजे 20 किलो. वाटेत तीनदा थांबले. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा दरी बघत असल्याचा आव आणला. वय तेव्हा बासष्ट. कॅन ओट्यावर ठेवून म्हणाले, "जमतंय की." मी विचारलं, "आणि मी एकटीच असेन तेव्हा?"

तो प्रश्न आम्ही दोघांनीही तोवर तोंडातून काढला नव्हता. जागा बघताना जो तो दोघांचा विचार करतो. पण दोघांपैकी एक आधी जाणार, आणि उरलेल्याला त्याच घरात, त्याच पायऱ्या चढून राहायचंय. त्या दिवसानंतर प्रत्येक जागेला आम्ही एवढंच विचारलं: इथे आपल्यापैकी कुणी एकट्याने, पंचाहत्तरीत, दुखऱ्या गुडघ्यांनिशी राहू शकेल का? निम्म्या जागा फाटकातच बाद झाल्या.

चालत्या-फिरत्या माणसाला उतार दिसत नाही, म्हणून आकडा सांगते. चाकाच्या खुर्चीसाठीच्या रॅम्पचं, म्हणजे पायऱ्यांऐवजी केलेल्या उताराचं, सर्वमान्य प्रमाण 1 ला 12 आहे. जोतं 45 सेंटिमीटर उंच असेल तर 5.4 मीटर लांब रॅम्प हवा, आणि तेवढी जागा दारासमोर मोकळी हवी. 41 पायऱ्यांचं गणित तुम्हीच करा.

पाण्याबद्दल मालक काय सांगतो ते ऐकून घ्यावं आणि मग विहिरीत वाकून बघावं. "कधी आटत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते नमस्कारासारखं वाटतं. विहिरीचं बांधकाम मात्र खोटं बोलत नाही. पाण्याच्या वर ओलसर शेवाळ कुठपर्यंत आहे, त्याच्या वर वाळलेलं कुठपर्यंत, दगडावर क्षारांच्या पांढऱ्या रेघा किती खालपर्यंत उतरल्यात, हे बघितलं की पाणी किती चढतं-उतरतं ते कळतं. एका ठिकाणी पंपाचा पाइप जोड देऊन दोनदा वाढवलेला दिसला, म्हणजे पाणी खाली खाली जात होतं. तेवढं पुरे झालं. इथे आम्ही कोरड्या दिवसांच्या अखेरीस आलो, पंप चार तास सलग चालू ठेवायला लावला आणि दर अर्ध्या तासाने 20 लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते लिहीत बसलो. सुरुवातीला 50 लागले, शेवटी 60. म्हणजे तासाला 1200 लिटर. दोन माणसांना आणि थोड्या भाजीला पुरून उरतं. मालक आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तसं बघत होता. मग पाणी तपासायला दिलं, आणि शौचालयाची टाकी विहिरीच्या कुठल्या अंगाला आहे ते बघितलं. ती उताराच्या खालच्या अंगाला आणि निदान 30 मीटर लांब असलेली बरी.

रस्त्याबद्दल फार बोलत नाही, कारण त्यात मत असायला जागाच नाही. वाट दुसऱ्याच्या जमिनीतून येत असेल आणि तो हक्क कागदावर नसेल, तर पुढे बघूसुद्धा नये. आजचा शेजारी भला असतो, त्याचे वारस कसे निघतील ते कोण सांगणार? कागद वकिलाला दाखवावेत, आणि तो वकील मालकाने सुचवलेला नसावा.

आणखी एक वाट आम्ही मोजली, ती दवाखान्याची. तीही रात्री, पावसात, प्रत्यक्ष गाडी काढून. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर ती विरघळवणारं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी डोक्याचा स्कॅन व्हावा लागतो. म्हणजे नुसता जवळचा दवाखाना असून भागत नाही, तिथे स्कॅनची सोय हवी. आम्हाला 50 मिनिटं लागली. गाडी मी चालवत होते. हेही मुद्दाम, कारण तोवर घरात गाडी फक्त हे चालवायचे आणि स्वयंपाक फक्त मी करायची. दोन्ही सवयी मोडायला वर्ष लागलं. ह्यांच्या पहिल्या सहा महिन्यांच्या स्वयंपाकाविषयी मी काही लिहिणार नाही.

जमीन किती घ्यावी? मनात असते त्याहून कमी. दोघांच्या भाजीला 100 चौरस मीटर वाफे भरपूर होतात; एक एकर म्हणजे 4,047 चौरस मीटर. उरलेल्या जमिनीत तुम्ही काही लावलं नाहीत तरी गवत उगवतंच, आणि ते कुणीतरी कापावं लागतं. आकारही बघावा. चौरस एकराला साधारण 255 मीटर कुंपण लागतं. तोच एकर 20 मीटर रुंदीचा लांबुळका पट्टा असेल तर जवळजवळ 445 मीटर.

घराकडे आम्ही शेवटी वळलो. रंग जुना होता, ते मला आवडलं. ताजा रंग दिसला की मी भिंतीला नाक लावून ओलीचा वास घेते आणि कपाट सरकवायला सांगते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली भेग पाया खचल्याची खूण असू शकते. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक जाळीला घाबरायचं कारण नाही. दाराच्या चौकटीत खालून स्क्रूड्रायव्हर टोचून बघावा. लोण्यात गेल्यासारखा गेला तर वाळवी किंवा कूज. आमच्याकडे दोन चौकटींत गेला, त्या बदलल्या.

इतकं करूनही फसलो. कोरड्या दिवसांत बघितलेलं घर पावसात कसं वागतं ते बघायला आम्ही आलो होतो, पण फक्त रस्त्यापुरते, गाडीतून. पहिल्याच मोठ्या पावसात वरच्या अंगाचं पाणी थेट मागच्या भिंतीवर आलं आणि धान्याच्या खोलीत घोट्याएवढं साचलं. मागे चर खणून ते बाजूने काढून दिलं तेव्हा कुठे भिंत वाळली. भर पावसात छत्री घेऊन घराला एक फेरी मारली असती तर हे आधीच दिसलं असतं.

आणि न्हाणीघराचं दार आत उघडतं, हे तर परवापर्यंत लक्षातच आलं नव्हतं. आतला माणूस पडला तर दार त्यालाच अडणार, बाहेरून ढकलता यायचं नाही. उद्या सुतार येतोय, बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडतं करायला. ह्यांचं म्हणणं, बोळात दार उघडं राहिलं की ते स्वतःच त्या दाराला धडकणार. धडकू देत.