माफी मागितली, पण कोणाकडे?

सध्या आमच्या रत्नागिरीच्या बाजूला जवळपास प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका ग्रामसभेचा व्हिडिओ फिरतोय. गावाचं नाव आणि बोलणाऱ्याचं नाव मी इथे लिहीत नाही, आधीच त्याच्यावरून पुरेसं रान पेटलंय. झालं असं की एका बागेतला फवारणीचा पंप चोरीला गेला, त्यावर बोलणं चाललं होतं, आणि एका पुढाऱ्याने माईक घेऊन सरसकट सगळ्या नेपाळ्यांना चोर ठरवलं. त्यांच्या नाकाडोळ्यांवरून बोलला, म्हणे तोंडं सगळ्यांची सारखीच, कोण कुठला कळत नाही, एकाने केलं काय नि दुसऱ्याने केलं काय, सगळ्यांना गाडीत घाला नि पाठवून द्या. समोर बसलेले लोक हसले. त्यात मला ओळखीचे चेहरे दिसले, आणि खरं सांगतो, खूप वाईट वाटलं.

जे कोकणाबाहेरचे आहेत त्यांना कदाचित माहीत नसेल, पण आज रत्नागिरी-देवगडकडच्या कितीतरी हापूसच्या बागा नेपाळी माणसांच्या जिवावर उभ्या आहेत. मोहोर फुटायच्या सुमारास हे लोक बागेत राहायला येतात, काही बायकापोरांसकट, काही तर वर्षभर इथेच असतात. रात्रीची राखण, वानरं हाकणं, फवारणी, झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन काढणी, पेट्या भरणं, सगळं तेच करतात. मासेमारीचं पण तसंच, 1 ऑगस्टला बंदी उठली की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) आपला आणि खलाशी बरेचसे नेपाळचे. आपली पोरं मुंबई-पुण्याला गेली, ती काही परत येऊन रात्री बागेत जागणार नाहीत हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यांची लहान मुलं आमच्याकडे जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत जातात, आपल्या मुलांसोबत कविता पाठ करतात.

व्हिडिओ फिरल्यावर त्या भागातले नेपाळी लोक दुकानात यायचे थांबले. मुलं शाळेत दिसेनात. एक कुटुंब तर ऐन मोहोराच्या दिवसात बाग सोडून निघून गेलं, पुढचे पैसे सोडून. मग बागायतदार घाबरले, त्या पुढाऱ्यावर दबाव आला, आणि त्याने दुसरा व्हिडिओ टाकला की माझ्या बोलण्याचा विपर्यास केला, तरी कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो. झालं, लोकांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले, विषय संपला.

माझ्या ओळखीचा एक नेपाळी राखणदार आहे, मराठी अगदी आपल्यासारखं बोलतो. मी त्याला म्हटलं, त्यांनी माफी मागितली रे. तो म्हणाला, "दादा, कोणाकडे मागितली? आमच्याकडे तर कोणी आलंच नाही."

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये, कारण आपल्या देशात हे असंच चालत आलंय. 2017 मध्ये भाजपचे माजी खासदार तरुण विजय एका टीव्ही चर्चेत, भारतीय लोक वंशवादी नाहीत हे पटवून देताना, दक्षिणेतल्या लोकांसोबत आपण राहतोच ना, असं बोलून गेले, म्हणजे काळ्या लोकांना आपण सांभाळून घेतो असा त्याचा अर्थ, मग ट्विटरवर माफी. 2024 ला काँग्रेसचे सॅम पित्रोदा म्हणाले पूर्वेकडचे लोक चिन्यांसारखे दिसतात, दक्षिणेतले आफ्रिकन लोकांसारखे, गदारोळ झाला, काँग्रेसच्या परदेशातल्या शाखेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि पुढच्याच महिन्यात तेच पद परत मिळालं. दोन्ही बाजूंनी एकमेकांवर दगड मारून घेतले. पण तामिळनाडूतल्या किंवा मणिपूरच्या माणसाशी या सगळ्यात कोण बोललं?

आपल्याच किनाऱ्यावर गोव्यात 2013 ला काय झालं ते आठवा. एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला हायवे अडवला, आणि त्यानंतर एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कॅन्सरची उपमा दिली. नायजेरियन नकोत, ड्रग्ज नकोत असे बॅनर लागले. शेवटी नायजेरियाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याने इशारा दिला की आमच्या लोकांना घरातून काढणं थांबलं नाही तर तिकडच्या हजारो भारतीयांना रस्त्यावर यावं लागेल. ड्रग्जचा धंदा करणारा कोणी असेल तर त्याला पकडा की, पण खोली शोधणाऱ्या साध्या माणसाने काय केलं होतं? गुन्हा एका माणसाचा असतो आणि तक्रारही एका माणसावर लिहायची असते. पंपाच्या चोरीचं पण तेच म्हणणं आहे माझं. चोर अजून सापडलेला नाही, उद्या तो नेपाळी निघाला तरी माझं मत बदलणार नाही.

काही जण ग्रुपवर लिहितात की हे लोक बेकायदेशीर आहेत. नाहीत. 1950 च्या भारत-नेपाळ करारानुसार त्यांना इथे येऊन राहता येतं, काम करता येतं, व्हिसा लागत नाही. आणि वंशावरून किंवा जन्मस्थानावरून समाजासमाजात तेढ लावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली गुन्हा आहे, हे माईक हातात घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. तरी मी म्हणतो आधी केस नको. केस झाली की गाव दोन बाजूंना बसेल आणि राखणदाराला परत त्याच बागेत त्याच लोकांमध्ये राहायचंय.

आणि वेगळ्या चेहऱ्यांची आपल्याला एवढी अडचण कधीपासून झाली? ज्या जंजिऱ्याला आपण पाहुण्यांना घेऊन जातो तो सिद्दींचा, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 ला रत्नागिरीत आणून ठेवलं, 1916 ला तो इथेच वारला, त्याची नात टुटू इथेच वाढली, इथल्याच माणसाशी लग्न केलं, मराठीत संसार केला. थिबा पॅलेस आपण अभिमानाने दाखवतो ना?

तर आम्ही काही जण, त्यात दोन बागायतदार, शाळेतल्या एक बाई आणि एक जुने तांडेल आहेत, त्या पुढाऱ्याकडे जाऊन बोललो. तांडेलकाका शांतपणे म्हणाले, "वादळात माझ्या बोटीवर दोरी धरणारा नेपाळीच होता, तुम्ही त्याला तोंडावर सांगा काय सांगायचं ते." पुढारी आधी चिडला, मग बराच वेळ गप्प बसला, मग येतो म्हणाला. बागेतच यायचं, कॅमेरा नाही, हार नाहीत, आणि जे ग्रामसभेत बोललो ते चूक होतं एवढं हिंदीत सरळ सांगायचं, "असतील तर" वगैरे न लावता. त्यानंतर नेपाळी लोकांना जे बोलायचंय ते त्यांनी बोलायचं आणि आपण ऐकायचं, मजुरी, मुलांची शाळा, रात्रीबेरात्री होणारी अडवणूक, जे असेल ते. येत्या रविवारी चार वाजता ठरलंय. सगळे नेपाळी लोक येतीलच असं नाही, काही जण अजून घाबरलेले आहेत, आणि नाही आले तर पुढाऱ्याला त्यांच्या खोपीपर्यंत चालत जावं लागेल, हेही त्याला सांगून ठेवलंय. जवळपास राहणाऱ्यांनी यायचं असेल तर मला मेसेज करा, आणि तो पहिला व्हिडिओ तुमच्या फोनमध्ये असेल तर पुढे पाठवू नका.