आमची वाटचाल : दिसतंय, पण साठतंय का?

इचलकरंजीत वडिलांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्याच टेबलावर मी पहिला क्वाड उघडला. चार सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची चित्रं एका पडद्यावर चार चौकोनांत दाखवणारा तो डबा मला तेव्हा नवलाचा वाटला होता. मग मल्टिप्लेक्सर आले. ते सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं आळीपाळीनं उचलून एकाच व्हीएचएस कॅसेटवर टाकायचे. टाइमलॅप्स व्हीसीआर चित्रं सुटी सुटी टिपायचा, म्हणून तीन तासांच्या कॅसेटवर चोवीस तास बसायचे. पण दोन चित्रांच्या मधल्या वेळात माणूस दारातून निघूनही गेलेला असायचा.

चित्रं हार्ड डिस्कवर साठवणारे डीव्हीआर आले, कॅसेटी गेल्या, कॅमेरे बसवायच्या आमच्या धंद्यात धाकटा भाऊ आला. कामं वाढली.

आणि मग एका सूत गोदामात चोरी झाली. तिथले कॅमेरे आम्हीच बसवलेले. पडद्यावर आठही चौकोन लख्ख. रेकॉर्डिंग काढायला बसलो, तर शेवटची तारीख अडीच महिन्यांपूर्वीची. हार्ड डिस्क कधीच गेली होती. थेट चित्र दिसायला डिस्क लागत नाही, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. डिस्क बिघडली की डीव्हीआर बीप देतो, पण तो आवाज डोकं उठवतो म्हणून आमच्याच कामावरच्या मुलानं सेटिंगमधून बंद केलेला. झाकण काढलं, तर पंख्यावर कापसाच्या तंतूंचा जाड थर. आत हवाच जात नव्हती. शेठ एवढंच म्हणाले, "मग इतके दिवस आम्ही बघत काय होतो?" मला उत्तर देता आलं नाही. नवी डिस्क आम्ही पदरचे पैसे घालून बसवली, पण गेलेलं रेकॉर्डिंग काही परत आलं नाही.

तेव्हापासून आमच्या कामाची रीतच बदलली. गिऱ्हाईक आधी विचारतं, कॅमेरे किती मेगापिक्सेलचे? आम्ही विचारतो, किती दिवसांचं मागचं हवं? ४ एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट पाठवणारा, एक कॅमेरा दिवसाला साधारण ४३ जीबी खातो. असे आठ लावले, तर १ टीबीची डिस्क तीन दिवसांतच भरते आणि जुनं पुसलं जाऊ लागतं. एच.२६५ ही चित्रं दाबून साठवायची पद्धत वापरली की जागा बरीच वाचते, तरी हिशोब आधी कागदावर मांडतो. डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच घालतो, जुन्या कॉम्प्युटरमधली काढून नाही. यात चार पैसे वाचवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

घड्याळही दर भेटीत मोबाइलशी ताडून बघतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय. रेकॉर्डिंग पुरावा म्हणून कोर्टात द्यायचं, तर कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला का ते ओळखायची अंक-अक्षरांची खूण, येते. तिथे डीव्हीआरचं घड्याळ वीस मिनिटं मागे निघालं, तर साक्षीदाराची किती ओढाताण होते ते मी बघितलंय.

त्या गोदामात डीव्हीआरच्या पेटीला आता वही बांधलेली असते. पंखा पुसला, बीप चालू, मागची एक तारीख लावून बघितली, अशी नोंद आणि खाली सही. गेल्या भेटीत मी वही उघडायच्या आधीच शेठ खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, "आज अठरा तारखेचं लाव. दुपारचं."