इंजिनाची शिट्टी आणि आत्या

बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ आमचे घर असल्याने गाडीच्या शिट्टीकडे आमच्यापैकी कोणाचेही लक्ष जात नाही. मात्र ‘पाकीजा’ हा चित्रपट लावला, की वाती वळत बसलेल्या आत्याचा हात ‘चलते चलते’ हे गाणे संपत येताना, त्यातली इंजिनाची शिट्टी वाजण्याआधीच, कापसावर थांबतो. झोपेत असताना पायांपाशी चिठ्ठी ठेवून गेलेला अनोळखी प्रवासी नायिका साहिबजानला त्या शिट्टीने आठवतो, हे आत्याला कोणी समजावून सांगावे लागले नाही. मीटरगेजच्या काळात वाफेच्या इंजिनाची तसलीच लांबलेली शिट्टी तिने बेळगावच्याच शहापुरात रात्र-रात्र ऐकलेली आहे.

दिग्दर्शक कमाल अमरोही यांनी 1956 च्या सुमारास कृष्णधवल म्हणून सुरू केलेला हा चित्रपट पुढे रंगीत आणि सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, झाला, 1964 मध्ये ते आणि त्यांची पत्नी, चित्रपटाची नायिका मीनाकुमारी विभक्त झाल्यावर अडला आणि 1969 मध्ये पुन्हा सुरू झाला. तोवर जर्मन छायाचित्रकार जोसेफ वर्शिंग (1967) आणि संगीतकार गुलाम मोहम्मद (1968) दोघेही निवर्तले होते. मधल्या काळात गाण्यांची चाल-ढाल पार बदलली होती, तरीही अमरोहींनी गुलाम मोहम्मद यांचीच गाणी ठेवली आणि पार्श्वसंगीत नौशाद यांच्याकडून पूर्ण करून घेतले. हा हट्ट नसता, तर आज आम्ही हा चित्रपट इतक्या वेळा लावला असता असे मला वाटत नाही.

आत्याचे माहेर विणकरांचे, त्यामुळे तिची नजर आधी कापडावर जाते. वेशभूषा मीनाकुमारींचीच होती हे कळल्यावर ती म्हणाली, “तरीच! अंगावर कसं बसवायचं ते ठाऊक असलेल्या बाईचं काम हाय ते.” शेवटच्या, काचांवरच्या नाचाविषयी मात्र तिला पहिल्यापासून शंका होती. आजारी मीनाकुमारींऐवजी त्यातील बराचसा नाच पद्मा खन्ना यांनी केला, हे मी वाचून दाखवले, तेव्हा तिने मान वर न करता “चाल वेगळी हाय की रे” एवढेच म्हटले.

चित्रपट 4 फेब्रुवारी 1972 रोजी मुंबईत मराठा मंदिरात लागला आणि 31 मार्चला मीनाकुमारी गेल्या. आत्याने तो बेळगावात पाहिला, तो त्यानंतर. कथेत अजून काहीही वाईट घडलेले नसताना, नावे पडद्यावर येत असतानाच, पुढच्या बाकांवरच्या बायका पदराने डोळे पुसू लागल्या होत्या, असे ती सांगते.